दारावरचे नाव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उजाड, वाऱ्याचे पठार आहे. त्याच्या कडेला, टीन नदीच्या खोल घळीच्या वर ड्रूस्टेनटन हे लहानसे गाव वसले आहे. चौकात चर्च, आणि चर्चच्या शेजारी गवताने शाकारलेला सतराव्या शतकातला पब, ‘ड्रू आर्म्स’. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते तेव्हा, १९१९ साली, अर्नेस्ट आणि मेबल मज या जोडप्याने तो चालवायला घेतला. १९५१ मध्ये अर्नेस्ट वारले. मेबलबाईंनी पब सोडला नाही. १९९४ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे वय ९९ होते आणि त्या घरात त्यांनी ७५ वर्षे गावाला बिअर पाजली होती. ब्रिटनमधली सर्वाधिक काळ पब सांभाळणारी बाई म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. १९९६ मध्ये, १०१ व्या वर्षी त्या गेल्या. गाव त्यांना ‘आंटी मेबल’ म्हणायचे.

पुण्यामुंबईत पब म्हटला की कानठळ्या बसवणारे संगीत आणि लाल-निळे दिवे डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडमधला खेड्यातला पब यापासून फार दूर आहे. आपल्याकडे गावाचा पार जे काम करतो ते तिकडे पब करतो. फक्त तिथे बारा महिने पाऊस आणि गारठा असल्यामुळे त्याला छप्पर आणि शेकोटी लागते. पिकाचा भाव, कुणाच्या घरी मूल झाले, कुणाची गाय व्यायली, चर्चच्या नव्या पाद्र्याचा स्वभाव कसा आहे, या सगळ्याची वासलात तिथेच लागते. पिणारा माणूस एक पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर बिअर घेऊन तासभर बसू शकतो आणि त्याला कुणी उठवत नाही. पब चालवणाऱ्याला लँडलॉर्ड म्हणतात आणि बाई असेल तर लँडलेडी, पण ती इमारत बहुधा त्यांच्या मालकीची नसते. खेड्यातल्या पबचा सगळा इतिहास या एका गोष्टीत अडकलेला आहे. इमारत एकाची, परवाना दुसऱ्याच्या मर्जीवर आणि वहिवाट गावाची. या तिघांना सांभाळत जो मधे उभा राहतो, त्याचे नाव दारावर लागते. हे शब्दशः खरे आहे. परवानाधारकाचे नाव पबच्या दारावर रंगवलेले असावे, असा तिथे दीर्घकाळ कायदाच होता.

मेबलबाईंच्या पबमध्ये काउंटर नव्हता. आत शिरले की बोळ, बोळाच्या बाजूला बाके मांडलेली साधी खोली, आणि मागच्या खोलीत आडव्या ठेवलेल्या बिअरच्या पिंपांची रांग. मधे एक खिडकी. खिडकीशी जाऊन काय हवे ते सांगायचे, मग पिंपाच्या तोटीखाली पेला धरून भरून मिळायचा. आज हे वेगळे वाटते, पण दोनशे वर्षांपूर्वी खेड्यातले बहुतेक पब असेच होते, कारण ती मुळात राहती घरे होती. लांब लाकडी काउंटर आणि त्यावरचे उंच दांड्यांचे हातपंप ही शहरातली चाल. हातपंपाचे पेटंट १७९७ मध्ये जोसेफ ब्रामा या कुलपे बनवणाऱ्या कल्पक कारागिराने घेतले. एकोणिसाव्या शतकात शहरांत झगमगीत जिन-महाल उभे राहिले, तिथे गर्दी झटपट निकालात काढण्यासाठी काउंटर आला आणि मग तो सगळीकडे पसरला. ड्रूस्टेनटनला कधी तशी घाई नव्हती.

पिंपातून थेट बिअर काढणे दिसायला सोपे, पण यात चालवणाऱ्याचा कस लागतो. पारंपरिक इंग्लिश बिअर कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यातले यीस्ट जिवंत असते आणि पिंपात तिचे आंबणे चालूच राहते. पिंप आले की ते घोडीवर आडवे ठेवून हलू नये म्हणून पाचरी मारायच्या. वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी बसवायची. तिच्या रंध्रांतून जास्तीचा वायू हळूहळू बाहेर पडतो. वायूचा जोर ओसरला की मऊ खुंटी काढून कठीण खुंटी ठोकायची. एखाददोन दिवसांत गाळ तळाशी बसतो आणि बिअर नितळ होते. मग लाकडी हातोडीच्या एका नेमक्या ठोक्यात तोटी आत घालायची. ठोका चुकला तर बिअरची आंघोळ. एकदा आत हवा गेली की तीनचार दिवसांत पिंप संपले पाहिजे, नाहीतर बिअर आंबट होते. नऊ गॅलनच्या पिंपात ७२ पाइंट बसतात. म्हणजे येत्या तीन दिवसांत गावात किती माणसे येतील, कापणी चालू आहे का, शनिवारी कुणाचे लग्न आहे, हे लँडलेडीला आधी ठाऊक असावे लागते. गाव पोटात घेतल्याशिवाय हा धंदा होत नाही.

बाईच्या हाती पब असणे ही विसाव्या शतकातली नवलाई नव्हती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बिअर करणे हे बायकांचेच काम होते. तेव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे ‘एल’मध्ये, ती टिकवणारी हॉप्सची कडवट फुले नसत, त्यामुळे ती चारदोन दिवसांत बिघडे. ज्या घरी मद्य तयार झाले त्या घरची बाई घराबाहेर काठीला झुडूप बांधून लावी, लोक येत, पीत, विकत नेत. पुढच्या आठवड्यात शेजारणीच्या घरी. गावाचा नेमलेला चवपारखी येऊन मद्याची प्रत आणि माप तपासे. तेराव्या शतकातल्या कायद्याने भाव ठरवून दिले होते आणि त्यासाठी होणाऱ्या दंडांच्या नोंदींमधूनच आज आपल्याला या बायकांची नावे कळतात. १३४८-४९ च्या प्लेगनंतर मजुरी वाढली, लोक जास्त पिऊ लागले, पुढे युरोपातून हॉप्स घातलेली टिकाऊ बिअर आली. टिकणारा माल मोठ्या प्रमाणावर करता येतो, त्याला मोठी भांडी आणि भांडवल लागते, आणि कर्ज पुरुषांना मिळे. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी या स्थित्यंतराचा बारकाईने अभ्यास केला आहे. दोनतीन शतकांत बायकांच्या हातून बिअर करणे निसटले. विकणे मात्र पुरते निसटले नाही.

त्याचे कारण परवाना. १५५२ च्या कायद्याने ठरवले की दोन मॅजिस्ट्रेटांच्या परवानगीशिवाय कुणीही मद्यगृह चालवायचे नाही, आणि चालवणाऱ्याने शिस्त राखण्याची लेखी हमी आणि जामीन द्यायचा. हे मॅजिस्ट्रेट म्हणजे त्याच मुलखातले जमीनदार. गावातली एखादी विधवा निराधार झाली तर तिला पोसण्याचा भार गावाच्या गरीब-निधीवर पडे. त्यापेक्षा तिला मद्य विकायचा परवाना देऊन टाकणे त्यांना सोयीचे वाटे. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या परवान्यांमध्ये विधवा मोठ्या संख्येने दिसतात. नवऱ्यामागे परवाना बायकोच्या नावावर करण्याची रीतही पडली. १९५१ मध्ये अर्नेस्टच्या मागे मेबलबाई उभ्या राहिल्या, त्या या जुन्या वाटेवरून.

डेव्हनमध्ये आणखी एक पद्धत होती. चर्चच्या दुरुस्तीला पैसे हवे असले की चर्च स्वतःच बिअर गाळी आणि गावजेवण घालून विकी. त्यासाठी चर्चशेजारी खास घर बांधलेले असे. कर्मठ प्युरिटन मंडळींनी सोळाव्या-सतराव्या शतकांत या मेजवान्या मोडून काढल्या आणि ती रिकामी घरे पुढे पब झाली. रॅटरी, हार्बर्टन, टॉरब्रायन या गावांतल्या पबांची नावे आजही ‘चर्च हाउस इन’ अशीच आहेत. देवळाशेजारी मद्यालय पाहून आपल्याला धक्का बसतो, पण तिथे दोघांचा जन्म एकाच आवारातला आहे.

खेड्यातला पब नुसत्या बिअरवर क्वचितच चाले. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेच्या याद्या पाहिल्या तर लँडलॉर्डच्या नावापुढे लोहार, सुतार, शेतकरी, खाटीक असा दुसरा धंदा हमखास सापडतो. दिवसा नवरा भट्टीवर किंवा शेतात, पब बायको सांभाळणार. संशयास्पद मृत्यू झाला तर कॉरोनरची चौकशीही पबमध्येच भरे, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नसे. १९०२ च्या कायद्याने ही रीत मागे पडली. मजुरांच्या आजारपणासाठी वर्गणी जमवणाऱ्या मंडळांची पेटी पबमध्ये ठेवलेली असे. मजुरीही कधीकधी तिथेच वाटली जाई आणि पगाराचा मोठा भाग जागच्या जागी उडे. बायकापोरांचे हाल करणारा हा प्रकार १८८३ च्या कायद्याने बंद केला. डेव्हनच्या शेतांवर तर मजुरीचा काही भाग सफरचंदाच्या सायडरमध्येच देत; तेही १८८७ मध्ये बेकायदा ठरले. पबच्या आठवणी काढताना ही बाजू झाकून ठेवणे मला पटत नाही. दारूने मोडलेली घरे त्या गावांतही होती आणि मद्यपानविरोधी चळवळीला तिथे बळ मिळाले ते उगाच नाही.

१८३० मध्ये सरकारने दार सताड उघडले. जिनचे व्यसन कमी व्हावे, बिअर स्वस्त व्हावी म्हणून कायदा झाला की कर भरणाऱ्या कुणाही गृहस्थाने दोन गिनी भराव्यात आणि आपल्या घरात बिअर विकावी. मॅजिस्ट्रेटकडे जायची गरज नाही. पहिल्या सहा महिन्यांतच २४ हजारांवर परवाने गेले. ज्यांना जमीनदारांनी कधी दारात उभे केले नसते अशा मजुरांच्या, चांभारांच्या घरांत बिअरघरे उघडली. त्याच वर्षी दक्षिण इंग्लंडमध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटवल्या, तेव्हा जमीनदारांनी खापर या बिअरघरांवर फोडले. मजुरांना जमीनदाराच्या नजरेबाहेर बसायला जागा मिळाली हा त्यांचा खरा राग होता. १८६९ मध्ये नवी बिअरघरे पुन्हा मॅजिस्ट्रेटांच्या ताब्यात गेली. मग परवाने दुर्मीळ झाले, म्हणून मौल्यवान झाले, आणि बिअरचे मोठे कारखानदार ते पब धडाधड विकत घेऊ लागले.

खेड्यातल्या लँडलॉर्डचे आयुष्य या खरेदीने सर्वांत जास्त बदलले. कारखाना इमारत विकत घेई आणि कमी भाड्याने चालवायला देई. अट एकच, बिअर आमचीच घ्यायची आणि आमच्याच भावाने. वरवर भाडे कमी, पण प्रत्येक पिंपामागे कारखान्याचा हिस्सा ठरलेला. चालवणारा बदलायचा दिवस तर पाहण्यासारखा असे. दोन्ही बाजूंचे मूल्यमापक वह्या घेऊन येत, खुर्च्या, टेबले, पेले, उरलेली बिअर, शेकोटीचे चिमटे, सगळ्याची किंमत लावत. नवा माणूस ती रक्कम भरी, मॅजिस्ट्रेटपुढे परवाना नावावर होई, रंगारी दारावरचे जुने नाव खरवडून नवे काढी, आणि त्याच संध्याकाळी पब नेहमीच्या वेळी उघडे. गावाला एक संध्याकाळही चुकवलेली चालत नसे.

सरकारही एकदा लँडलॉर्ड झाले होते. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या सीमेवर ग्रेटनाजवळ दारूगोळ्याचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. कामगार पिऊन स्फोटकांशी काम करू लागले तर काय, या भीतीने १९१६ मध्ये कार्लाइल परिसरातले पब आणि बिअरचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. पब चालवणारे पगारी झाले. जास्त बिअर खपवून त्यांना काही मिळणार नव्हते. म्हणून त्यांनी जेवण, चहा, बसायला चांगली जागा यांकडे लक्ष दिले. युद्ध संपले तरी हा प्रयोग चालूच राहिला आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने हे पब विकून टाकले. विक्रीपासून चालवणाऱ्याची मिळकत तोडली की पब सुधारतो, हे पन्नासहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर दिसत असताना त्यातून कुणी फारसे शिकले नाही, याचे मला वाईट वाटते.

युद्धाने देशभरच्या पबांच्या वेळाही बांधल्या. दुपारी पब बंद ठेवायचा हा युद्धकाळातला नियम १९२१ च्या कायद्याने कायम झाला आणि इंग्लंडमध्ये, रविवार वगळता, थेट १९८८ मध्ये उठला. मेबलबाईंनी पब घेतला तेव्हा हे निर्बंध होतेच. ते उठले तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. त्यांची जवळजवळ सगळी कारकीर्द त्या दुपारच्या सुटीत गेली.

त्यांच्या पबचे मूळ नाव ‘ड्रुइड आर्म्स’. गावाजवळ ‘स्पिन्स्टर्स रॉक’ हे अश्मयुगीन शिळास्मारक आहे, आणि अशी स्मारके ड्रुइड पुरोहितांची असावीत असे जुन्या अभ्यासकांना वाटे. मग गावात ज्युलियस ड्रू आले. चहा आणि किराणा मालाच्या ‘होम अँड कॉलोनियल स्टोअर्स’ या दुकानांच्या साखळीतून त्यांनी इतकी संपत्ती मिळवली की तिशीतच ते धंद्यातून मोकळे झाले. आपले घराणे बाराव्या शतकातल्या ड्रोगो नावाच्या सरदारापासूनचे आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणून ड्रूस्टेनटनजवळ घळीच्या कड्यावर ग्रॅनाइटचा किल्लाच बांधायला काढला, कासल ड्रोगो. पायाभरणी १९११ ची, काम संपायला १९३० उजाडले. वास्तुकार एडविन लुट्येन्स, म्हणजे त्याच काळात नवी दिल्ली उभारणारे. एकाच माणसाच्या टेबलावर रायसीनाच्या टेकडीचे आणि डार्टमूरच्या कड्याचे नकाशे शेजारी शेजारी पडलेले असत. १९२०च्या दशकात या ड्रू घराण्याच्या मानासाठी पबचे नाव बदलून ‘ड्रू आर्म्स’ झाले. पाटी बदलली, पण दारावरचे नाव मज हेच राहिले. ड्रू १९३१ मध्ये वारले. किल्ला आता नॅशनल ट्रस्टकडे आहे. मेबलबाईंचा पब मात्र ड्रू गेल्यानंतरही साठ वर्षांहून अधिक काळ त्यांच्याच हातात होता.

या साठ वर्षांत बाहेर काय काय झाले! १९६७ मध्ये गाडी चालवणाऱ्याच्या श्वासाची तपासणी आली आणि दूरच्या खेड्यांतल्या पबांची गिऱ्हाइके घटली. कारखाने एकमेकांना गिळत मोठे झाले. जिवंत बिअर टाकून वायू भरलेली निर्जीव बिअर धातूच्या बंद पिंपांतून येऊ लागली, तिच्याविरुद्ध १९७१ मध्ये ‘कॅमरा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली. पबांच्या भिंती पाडून, गालिचे घालून एकसारखे दिवाणखाने केले गेले. ड्रू आर्म्सला हात लागला नाही, कारण खिडकीपलीकडे मेबलबाई होत्या आणि त्यांना बदल करण्याचे काही कारण दिसत नव्हते. त्यांचा स्थिरपणा हीच त्या इमारतीची सर्वांत मोठी राखण होती. त्या निवृत्त झाल्यावर गावकरी आणि जुन्या पबांचे चाहते धास्तावले, ते म्हणूनच. त्यांचे स्वयंपाकघर, चुलीसकट, पुढे जेवणाची खोली म्हणून राखले गेले आणि आतली जुनी मांडणी जपण्याजोगी म्हणून कॅमराच्या राष्ट्रीय यादीत नोंदली गेली.

मेबलबाई सत्तरी-ऐंशीत होत्या तेव्हा देशातले बरेचसे पब मोठ्या कारखान्यांच्या मालकीचे होते. त्या निवृत्त होईपर्यंत ही व्यवस्था कोसळायला लागली होती. १९८९ मध्ये मक्तेदारी मोडण्यासाठी सरकारने हुकूम काढला की दोन हजारांहून अधिक पब असणाऱ्या कारखान्याने दोन हजारांवरच्या पबांपैकी निम्म्यांना आपलीच बिअर घेण्याच्या बंधनातून मोकळे करावे. हेतू चांगला होता. झाले असे की कारखान्यांनी पब विकले आणि ते विकत घेतले नव्या कंपन्यांनी, ज्या बिअर बनवत नव्हत्या, फक्त इमारती बाळगत होत्या. बांधिलकीची अट त्यांनी तशीच ठेवली. जुन्या कारखान्याला निदान आपली बिअर खपावी म्हणून पब चालू राहायला हवा होता. नव्या मालकाला पबपेक्षा त्याखालची जमीन महाग वाटली तर पब विकून घर करणे परवडत होते. किती खेड्यांतले शेवटचे पब असे गेले. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या त्या खरेदीनंतर खेड्यातल्या पबवर आलेले हे सर्वांत मोठे संकट होते.

यावर उपाय निघाला तो देशाच्या दुसऱ्या टोकाला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या गावात ‘ओल्ड क्राउन’ हा पब आहे. त्याच्या मागच्या कोठारात १९८८ मध्ये छोटा बिअर-कारखाना निघाला. त्याच्या बिअरना आसपासच्या डोंगरांची नावे होती. चालवणारे निवृत्त व्हायला निघाले तेव्हा १९९९ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढून कारखाना घेतला. त्यानंतर पबही विकायला निघाला आणि एखादी साखळी-कंपनी तो घेईल या काळजीने २००३ मध्ये पबसाठीही तसेच केले. प्रत्येकाने सारखी रक्कम भरायची आणि प्रत्येकाला एकच मत. पुढारलेल्या सहकारी चळवळीच्या महाराष्ट्राला ही रचना समजावून सांगायची गरज नाही. सभासदांत त्याच भागात राहणारे गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टनही होते. सहकारी मालकीचा हा ब्रिटनमधला पहिला पब मानला जातो. २०११ च्या कायद्याने गावाला आपला पब ‘सामुदायिक मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवता येऊ लागला. तो विकायला निघाला की पैसे उभे करायला सहा महिन्यांची मुदत मिळू लागली. आज अशा गावमालकीच्या पबांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे.

तरीही ओल्ड क्राउनच्या सभासदांना एक काम स्वतः करता येत नव्हते. शंभरावर मालक मिळून पिंपाला तोटी मारू शकत नाहीत. म्हणून त्यांनी पब भाड्याने चालवायला द्यायचे ठरवले आणि गावाला कधी नव्हे ते माणूस निवडायला बसावे लागले. भाडे किती, बिअर कुठली, जेवण ठेवायचे की नाही, हे सभेत मतदानाने ठरते. थंडीतल्या मंगळवारी चारच गिऱ्हाइके आली तरी शेकोटी पेटवणारा, म्हाताऱ्याचा हिशेब पुढच्या शुक्रवारपर्यंत लांबवणारा आणि एकाला चौथा पेला नाकारण्याची हिंमत असणारा माणूस कोण, हे ठरवायला सभासदांना पुन्हा त्याच बाकांवर बसून, त्याला महिनोन्‌महिने काम करताना पाहावे लागते.